कळ आणि कळलावी

रात्री दीडच्या सुमारास मालवणातल्या आमच्या इस्पितळाच्या दारात रिक्षा थांबली. आतून उतरलेला मुलगा स्वतःच्या पायांनी चालत होता, पण कमरेतून वाकून, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून. भाद्रपदातले गणपतीचे दिवस होते. पाऊस नुकताच ओसरला होता आणि माडांच्या झावळ्यांवरून पाणी टपकत होतं. मुलगा चोवीस वर्षांचा, ट्रॉलरवर खलाशी. मागून त्याचे वडील आणि मामा आले, आणि पदराचा बोळा तोंडाशी धरलेली आई.

सिस्टरनं त्याला खाटेवर आडवं व्हायला सांगितलं. तो अर्ध्यापर्यंत मागे कलला आणि ओरडून पुन्हा उठून बसला. पाय खाली सोडले, उशी मांडीवर घेतली, तिच्यावर कोपरं टेकून पुढे वाकला, आणि तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला.

"काय होता?" मी विचारलं.

"कळ येता, डॉक्टरांनू. दम घेतलंय काय सुरी घुसल्यासारखी कळ. आडवा पडूक जमणाच नाय. असो वाकान बसलंय काय जरा बरा वाटता."

कळ कुठे जाते, असं विचारल्यावर त्यानं छातीच्या मधोमध तळवा ठेवला आणि मग तोच हात डाव्या खांद्याच्या मागे, मानेच्या उतारावर नेला. तिथे, जिथे खलाशी जाळ्याचा दोर टाकतात.

वडिलांनी एकच प्रश्न विचारला. "हार्ट अ‍ॅटॅकच मा ह्यो?"

ईसीजीची पट्टी हाती आली आणि मलाही क्षणभर तसंच वाटलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याच्या आलेखात ज्या भागाला आम्ही एसटी म्हणतो, तो सपाट असायला हवा. इथे तो वर चढला होता. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली की असाच चढतो. त्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कपाटात तयार होतं. अ‍ॅन्जिओग्राफीची सोय गाठायची तर गोव्यात बांबोळी किंवा वर कोल्हापूर, म्हणजे रात्रीच्या पावसाळी रस्त्यानं काही तासांची वाट. झटका असेल तर मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो, तेव्हा इंजेक्शन ताबडतोब द्यायला हवं. पण मनात शंका आली तसं हे दुसरंच काही असेल, तर तेच इंजेक्शन हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्तस्राव घडवू शकतं आणि हा मुलगा आमच्या डोळ्यांसमोर जाऊ शकतो.

त्या पंधरा-वीस मिनिटांत मी जे जे केलं, त्यातली एकही गोष्ट मी शोधलेली नाही. प्रत्येक गोष्ट कुणीतरी, कधीतरी, फार हट्टानं शोधून ठेवलेली होती. ती माणसं मला त्या रात्रीपासून जवळची वाटू लागली, म्हणून ही त्यांची गोष्ट.

हृदय छातीत मोकळं लोंबकळत नाही. ते एका दुपदरी बटव्यात असतं. आतला पदर हृदयाला चिकटलेला, बाहेरचा जरा जाड आणि चिवट, आणि दोन्हींच्या मध्ये दोन-तीन चमचे पाणी. तेवढ्या ओलाव्यावर हृदय दिवसाला लाखभर वेळा आत-बाहेर करतं आणि कुठे घासत नाही. या बटव्याचं नाव हृदयावरण. त्याला सूज आली की पेरिकार्डायटिस. बाहेरच्या पदराला संवेदना पुरवणारी नस मानेतून खाली येते, म्हणून बटवा सुजला की कळ मान आणि खांद्याच्या उतारावर उमटते. आणि माणूस पुढे वाकला की सुजलेल्या पदरावरचा ताण कमी होतो. मुलानं डॉक्टरला न विचारता स्वतःच्या शरीराकडून ते शिकून घेतलं होतं.

पूर्वी हा रोग माणूस मेल्यावरच दिसायचा. ग्रीकांमध्ये मेसेनियाच्या अरिस्टोमेनिस या वीराची कथा होती: शत्रूंनी त्याची छाती फाडून पाहिली तर हृदयावर केस होते. रोमन लेखक प्लिनीनं ती लिहून ठेवली. केसाळ हृदय म्हणजे शूराचं हृदय, असा समज शतकानुशतकं चालला. पुढे शवविच्छेदन करणाऱ्यांना कळलं की हे केस नसतात. सूज आलेल्या दोन पदरांत चिकट तंतुमय साका जमतो आणि पदर ओढून अलग केले की तो झुबक्यांसारखा उभा राहतो. लोणी लावलेले पावाचे दोन तुकडे एकमेकांवर दाबून सोडवावेत, तसा. वीराचं शौर्य म्हणून ज्याची कीर्ती झाली, ते बहुधा त्याचं दुखणं होतं. त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याला आडवं पडता येत होतं का, हे कुणी विचारलं नाही.

गॅलेननं प्राण्यांच्या हृदयाभोवती पाणी पाहिलं. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न झुहरनं या आवरणाच्या सुजेचं वर्णन केलं. १६६९ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड लोअरनं लिहिलं की बटव्यात पाणी साठत गेलं की हृदय चहूबाजूंनी दाबलं जातं आणि फुलू शकत नाही. पण जिवंत माणसाच्या छातीवरून आतलं ओळखायचं कसं?

ग्राझच्या खानावळवाल्याचा मुलगा लेओपोल्ड आउएनब्रुगर याला वडिलांच्या तळघरातल्या दारूच्या पिंपांवर टिचक्या मारून आत किती आहे हे कळत असे, असं सांगतात. १७६१ मध्ये त्यानं माणसाच्या छातीवर बोटं वाजवून आतलं पाणी ओळखायची रीत छापली. पन्नास वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग १८१६ मध्ये पॅरिसच्या रने लाएनेकनं कागदाची सुरळी करून एका तरुणीच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्यानंतर जे घडलं ते फारसं सांगितलं जात नाही, आणि माझ्या मते खरं नाट्य तिथे आहे.

लाएनेकनं फुप्फुसाचे आवाज अचूक ओळखले, हृदयाचे आवाज पुष्कळसे ओळखले. हृदयावरणाच्या सुजेपुढे मात्र तो अडला. हा रोग ओळखणं फार कठीण, असं त्याचं मत होतं. त्याच्या हाताखाली काम करणारा व्हिक्टर कोलँ हा तरुण डॉक्टर एका रुग्णाच्या छातीवर कान लावून बसला असता त्याला एक विचित्र आवाज आला. घोडेस्वार नव्या खोगिरात बसला की कोरं चामडं करकरतं, तसा. १८२४ मध्ये कोलँनं तो छापून टाकला: हृदयावरणाच्या सुजेचा आवाज, नव्या चामड्याचा आवाज. लाएनेकनं स्वतःही काही काळ मानलं होतं की ही खूण असावी. पण मग त्याचं मत बदललं, त्यानं ती नाकारली. ज्या माणसानं जगाला ऐकायला शिकवलं, त्यानं हा एक आवाज हातचा सोडला आणि त्याच्या शिष्यानं तो धरून ठेवला.

लाएनेकला मी दोष देत नाही. हा आवाज लपंडाव खेळतो. सकाळी ऐकू येतो, दुपारी गायब होतो. रुग्णाला झोपवलं की नाही, पुढे वाकवलं की येतो. श्वास सोडून थांबवलं की स्पष्ट होतो आणि पुढच्याच मिनिटाला काही नाही. ज्याच्या कानात असा आवाज एकदाच पडला आणि नंतर कधी सापडला नाही, त्या सावध माणसानं तो नाकारणं स्वाभाविक होतं. पण १८३३ मध्ये डब्लिनच्या विल्यम स्टोक्सनं या रोगाच्या निदानावर लेख लिहिला आणि घर्षणाच्या या आवाजाला त्याची जागा मिळाली. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या डेव्हिड स्पॉडिकनं तर जवळजवळ सगळं आयुष्य या बटव्याला दिलं. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शंभर रुग्णांच्या छातीवरचं घर्षण ऐकून त्याची नोंद १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. शंभर माणसांची करकर एकेक करून ऐकणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आम्ही घोड्याचं खोगीर कुठे ऐकणार! पण नव्या चामड्याची ही उपमा मी शिकत होतो तेव्हा माझ्या कानात लगेच दुसरं काही वाजलं होतं. कोल्हापुरी वहाणा. माझे आजोबा जत्रेला जाताना नव्या वहाणा घालत, आणि ते पाणंदीच्या टोकाशी असतानाच आम्हाला घरात कळायचं. कर्र, कर्र.

मुलाच्या पाठीवर हात ठेवून मी त्याला म्हटलं, "असोच वाकान ऱ्हव. आता श्वास सोड आणि थांब." छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला खालच्या बाजूला स्टेथोस्कोप दाबून धरला. बाहेर पागोळ्या गळत होत्या. कुठल्याशा घरातून रात्रीच्या भजनाच्या झांजा ऐकू येत होत्या. मी डोळे मिटले. लब-डब, लब-डब. काही नाही. पुन्हा श्वास सोडायला लावला, स्टेथोस्कोप दोन बोटं सरकवला, आणि मग, ठोक्यांच्या वर, कानाच्या अगदी जवळ, कोरडी खरखर आली. कर्र-कर्र-कर्र. एका ठोक्यात तीनदा. आजोबा पाणंदीतून येत होते.

मी सिस्टरला बोलावलं. तिनं कान लावला तेव्हा आवाज नव्हता.

म्हणून पट्टी पुन्हा उजेडात धरली. हृदयविकाराच्या झटक्यात एक वाहिनी बंद होते, म्हणून ईसीजीच्या तिच्या हद्दीतल्याच तारांमध्ये एसटी चढते, आणि समोरच्या बाजूच्या तारांमध्ये खाली जाते. इथे ती जवळजवळ सगळीकडे चढलेली होती, आणि चढही वरून पोकळ, पाणी पिण्याच्या वाटीसारखा. उजव्या खांद्याकडून पाहणाऱ्या एकाच तारेत उलटं चित्र होतं. बाकी तारांमध्ये एसटीच्या आधीचा पीआर नावाचा तुकडा मात्र किंचित खाली दबलेला. या दबलेल्या तुकड्याचं महत्त्व पटवून देणाराही स्पॉडिकच. खरं तर हृदयावरण विजेच्या दृष्टीनं मुकं असतं, त्याची स्वतःची एकही रेघ कागदावर उमटत नाही. सूज त्याला लगटून असलेल्या हृदयाच्या सर्वांत वरच्या स्नायूला पोचते आणि तो स्नायू बोलतो. सगळीकडून बोलतो, कारण बटवा सगळीकडून आहे.

वडिलांना विचारलं तेव्हा कळलं की दहा दिवसांपूर्वी पोराला सर्दी-ताप येऊन गेला होता. बोटीवरच्या आणखी दोघांनाही. विषाणूचा ताप उतरल्यावर काही दिवसांनी हृदयावरण सुजावं, हे या रोगाचं नेहमीचं वागणं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी ट्रोपोनिनची रक्तचाचणीही निर्धोक आली. इंजेक्शनची कुपी मी सिस्टरच्या हातून घेतली आणि पुन्हा कपाटात ठेवली. आयुष्यात न दिलेल्या औषधांपैकी हे मला सर्वांत जास्त आठवतं.

तरी एक भीती उरली होती. बटव्यात पाणी किती? थोडं पाणी काही करत नाही. पण ते भराभर साठलं तर हृदय आतल्या आत आवळलं जातं. १८७३ मध्ये जर्मनीत आडोल्फ कुसमाउलनं पाहिलं की अशा रुग्णानं श्वास आत घेतला की मनगटाची नाडी विरते, पण छातीवर हृदय मात्र धडधडत असतं. त्यानं तिला विरोधाभासी नाडी म्हटलं. आम्ही ती अजूनही रक्तदाबाच्या पट्ट्यानं मोजतो: श्वास घेताना वरचा दाब दहाहून जास्त उतरतो का? मुलाचा उतरत नव्हता. मानेच्या शिरा फुगलेल्या नव्हत्या. मन थोडं शांत झालं आणि सोनोग्राफीचं यंत्र त्याच्या खाटेशी ओढून आणलं.

त्या यंत्राची जन्मकथा मालवणच्या माणसाला आपली वाटावी अशी आहे, कारण तिची सुरुवात जहाजांच्या गोदीत होते. स्वीडनमधल्या लुंड शहरात इंगे एडलर हा हृदयरोगतज्ज्ञ होता. छाती न उघडता हृदयाची झडप कशी पाहावी या विवंचनेत तो होता. त्यानं कार्ल हेल्मुट हेर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं. माल्म्यो बंदरातल्या कोकुम्स गोदीत जहाजाच्या पोलादात लपलेली चीर शोधायला ध्वनिलहरी सोडणारं एक यंत्र होतं. लहर पोलादातून जाते, चीर लागली की परत फिरते. हेर्ट्झ तिथे गेला आणि त्यानं यंत्राचं टोक स्वतःच्या छातीला लावलं. पडद्यावर एक रेघ हृदयाबरोबर हलत होती. पुढे असंच यंत्र उसनं घेऊन २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी हलत्या हृदयाच्या पहिल्या नोंदी केल्या. १९७७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

पण हृदयाभोवतीचं पाणी या लहरींनी ओळखायची रीत रुळवली ती अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या हार्वी फायगेनबाउमनं. १९६३ मध्ये त्यानं एक जाहिरात वाचली की ध्वनिलहरींनी हृदयाचं आकारमान मोजता येतं. एका परिषदेत त्यानं ते यंत्र पाहिलं. जाहिरातीतला दावा टिकणारा नव्हता, पण टोक छातीवर ठेवलं तेव्हा पडद्यावर हृदयाच्या मागच्या भिंतीकडून येणारी, ठोक्याबरोबर हलणारी एक रेघ होती. परत आल्यावर त्याला आपल्याच इस्पितळात मेंदूविकाराच्या लोकांकडे तसलंच यंत्र रिकामं पडलेलं सापडलं. त्यानं ते घेतलं. हृदयाची भिंत आणि बटव्याची भिंत एकमेकींना चिकटलेल्या असतील तर एकच रेघ. मध्ये पाणी असेल तर दोन: एक नाचणारी, एक स्थिर, आणि दोघींच्या मध्ये काळी, नि:शब्द पोकळी. पाण्यातून लहर सरळ निघून जाते, परत येत नाही. खात्री करायला त्यानं कुत्र्यांच्या हृदयावरणात खारं पाणी भरून पाहिलं. पाणी भरलं की पोकळी दिसे. १९६५ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि तोवर ज्यासाठी सुई आंधळेपणानं छातीत घालावी लागे, ते पडद्यावर दिसू लागलं.

मुलाच्या छातीवर थंड जेल लावून मी टोक टेकवलं. तो मान वळवून पडद्याकडे बघत होता. करडं हृदय आकसत होतं, फुलत होतं. त्याच्या मागे, खालच्या अंगाला, नखाएवढ्या जाडीची एक काळी रेघ होती.

"डॉक्टरांनू," तो म्हणाला, "ह्या तर आमच्या फिशफाइंडरासारख्या दिसता. खाली तळ, वर पाणी."

"तसाच आसा," मी म्हटलं. "तुझ्या काळजाभोवती एवढासा पाणी आसा. तळ शाबूत आसा."

आई तेव्हा पहिल्यांदा खुर्चीवर टेकली.

आपल्या देशात मात्र इतक्यावर थांबून चालत नाही. युरोपात बहुतेक पेरिकार्डायटिस विषाणूंचा, नाहीतर कारण न सापडणारा. आपल्याकडे क्षयरोगही याच बटव्यात घर करतो. तो असा रात्रीत सुरीसारखा येत नाही. आठवडे आठवडे रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम, उतरत जाणारं वजन आणि हळूहळू भरत जाणारं पाणी घेऊन येतो. वेळीच ओळखला नाही तर बटवा चुन्यासारखा कडक होऊन हृदयाला आवळून टाकतो आणि तो कापून काढावा लागतो. म्हणून घरात कुणाला क्षय होता का, वजन उतरलं का, खोकला किती दिवसांचा, हे सगळं विचारलं, तपासण्या पाठवल्या. पाण्याची रेघ वाढत नाही ना, हे पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहायचं ठरलं.

मग औषध. दुखणं आणि सूज उतरवायला अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी, पोटाला जपणारी दुसरी, आणि तिसरी एक इवलीशी, अर्ध्या मिलिग्रॅमची. नाव कोल्चिसिन. तीन महिने घ्यायची.

ही तिसरी गोळी लिहिताना माझा हात दरवेळी जरा थांबतो.

कोल्चिसिन हे नाव काळ्या समुद्राकाठच्या कोल्किस या प्राचीन प्रदेशावरून आलं. तिथल्या कोल्चिकम नावाच्या फुलझाडाचा कंद सांधे सुजवणाऱ्या गाउटवर दीड हजार वर्षांपासून वापरात आहे. सहाव्या शतकातल्या ट्रालेसच्या अलेक्झांडरनं तो लिहून ठेवला. १८२० मध्ये फ्रान्सच्या पेलटिए आणि काव्हाँतू यांनी कंदातून क्षार वेगळा काढला, १८३३ मध्ये जर्मनीच्या गायगरनं तो शुद्ध करून त्याला नाव दिलं. आणि १९१५ मध्ये क्ल्यूअर, ग्रीन आणि ट्यूटिन या इंग्रज रसायनज्ञांनी दाखवलं की हाच क्षार आणखी एका वेलीत आहे. ग्लोरिओसा सुपर्बा.

म्हणजे आपली कळलावी.

आषाढ-श्रावणात मालवणच्या कुठल्याही पाणंदीतून चाला. गडग्याच्या चिऱ्यांवरून, करवंदीच्या जाळीतून तिची फुलं वर आलेली दिसतील. पाकळ्या वर वळलेल्या, कडा कुरळ्या, खाली पिवळ्या आणि टोकाला लाल, पेटत्या पलित्यासारख्या. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात, लांगलीही. पानाच्या टोकाचा धागा वळवून ती शेजारच्या फांदीला धरते. कोचीनच्या डच गव्हर्नरनं मलबारच्या वनस्पतींचा जो बारा खंडांचा ग्रंथ काढला, त्यात ती मेंदोणी नावानं आहे. त्या ग्रंथाला साक्ष देणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते, आणि त्यांचं १६७५ चं साक्षपत्र नागरी अक्षरांत छापलेलं आहे. गणपतीच्या डोक्यावर जी माटवी बांधतात, तिच्यात नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, हरणं आणि तेरडा यांच्याबरोबर ही फुलंही लटकतात.

माझी आजी मला फुलं तोडू द्यायची, मुळाला हात लावू द्यायची नाही. "ती कळ लावता," एवढंच सांगायची. बाळंतपणात अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून या कंदाचा लेप तळहातांना आणि तळपायांना लावण्याची जुनी रीत होती. त्यावरून नाव पडलं. आयुर्वेदानं तिला उपविषांत घातलं आहे आणि ते अगदी योग्य आहे. कंद किंवा बी पोटात गेलं तर आधी उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव बंद पडत जातो, आणि त्यावर हमखास उतारा नाही. इथे कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो: कळलावीचा कुठलाही भाग औषध म्हणून घरी पोटात घेणं म्हणजे विष घेणं आहे. गोळीतला अर्धा मिलिग्रॅम आणि मारक मात्रा यांच्यातलं अंतर कमी असतं, मूत्रपिंडं बिघडलेल्यांत तर आणखी कमी. म्हणून ती गोळीही डॉक्टरच्या नजरेखालीच.

सांधेदुखीचं हे औषध हृदयाच्या बटव्यापर्यंत पोचलं ते आडवाटेनं. भूमध्य समुद्राभोवतीच्या काही समाजांत एक आनुवंशिक ताप असतो. त्यात पोटाचं, फुप्फुसाचं, कधी हृदयाचं आवरण पुन्हा पुन्हा सुजतं. १९७२ मध्ये बॉस्टनच्या स्टीफन गोल्डफिंगरनं लिहिलं की कोल्चिसिननं हे हल्ले थांबतात. पंधरा वर्षांनी बार्सेलोनातल्या डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला. आवरणाची सूज तिथे थांबते, तर मग पुन्हा पुन्हा उलटणारा पेरिकार्डायटिस का थांबू नये? पेरिकार्डायटिसची खरी छळवणूक तीच होती. पहिला झटका जाई, महिन्याभरात दुसरा येई, मग तिसरा. स्टेरॉइड दिलं की लगेच आराम पडे आणि बंद केलं की पुन्हा कळ. १९८७ मध्ये त्यांनी मोजक्या रुग्णांचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापला. १९९० मध्ये नऊ रुग्णांचा.

नऊ माणसांवरून जग बदलत नाही. ते काम इटलीत तुरिनच्या मासिमो इमाझिओनं केलं. २००५ मध्ये त्यानं १२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या नेहमीच्या औषधांवर दीड वर्षात ३२.३ टक्के लोकांचा रोग उलटला. कोल्चिसिन जोडल्यावर १०.७ टक्के. शिवाय दिसलं की सुरुवातीलाच स्टेरॉइड घेणाऱ्यांत तो जास्त उलटतो. २०१३ मध्ये २४० रुग्णांवर, कुणाला खरी गोळी आणि कुणाला खोटी हे डॉक्टरलाही ठाऊक नाही अशा पद्धतीनं, पुन्हा पडताळा झाला: ३७.५ टक्क्यांवरून १६.७. पेशींच्या आत जी सूक्ष्म नळ्यांची चौकट असते, तिच्या विटांना कोल्चिसिन चिकटतं आणि चौकट उभी राहू देत नाही. सुजेच्या जागी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यामुळे अडखळतात, सूज पेटवणारी आतली यंत्रणा मंदावते. आग लावणाऱ्या नावाची वेल आग विझवते.

मला एक गोष्ट राहून राहून वाटते. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अनुभव पन्नास रुग्णांनिशी ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि एका देशी मुळीला जगाच्या औषधांत जागा मिळवून दिली. त्यांनाही लास्कर पुरस्कार मिळाला, १९५७ मध्ये. कळलावीला असा कुणी वकील भेटला नाही. तामिळनाडूत आज तिची शेती होते, बी परदेशी जातं आणि क्षार होऊन परत येतो. आपल्या गडग्यावरच्या वेलीचं हृदयाशी नातं आहे हे आपल्याला बार्सेलोना आणि तुरिनकडून कळलं, याची मला खंत आहे. आपल्याकडे वेल होती, तिचं विषही माहीत होतं, आणि कळ घेऊन येणारी माणसंही होती. रुग्ण मोजून, वर्षानुवर्षं मागोवा ठेवून लिहिणारं कुणी नव्हतं.

मुलगा चौथ्या दिवशी घरी गेला. मी त्याला सांगितलं की कळ पूर्ण जाऊन तपासण्या नीट येईपर्यंत जाळं ओढायचं नाही, बोटीवर जायचं नाही. ऐन हंगामात खलाशाला हे सांगणं म्हणजे त्याच्या घरच्या चुलीवर हात ठेवणं. त्याच्या वडिलांनी मान हलवली आणि पोराच्या जागी स्वतः बोटीवर गेले. आठवड्यानं पडद्यावरची काळी रेघ निम्मी झाली होती, महिन्यानं ती दिसली नाही. क्षयाच्या तपासण्या निर्धोक आल्या. गोळी त्यानं तीन महिने एक दिवसही न चुकवता घेतली. आई रोज मोजायची.

पुढच्या वर्षी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे दर्शनाला गेलो. दुपार होती, आरती होऊन गेली होती. माटवीला ताजी कळलावी बांधलेली होती, एका फुलाची पाकळी गळून मूर्तीच्या पायाशी पडली होती. मी मुलाची चौकशी केली. आईनं ओठांवर बोट ठेवलं आणि पडवीकडे नेलं. तो पहाटे बोटीवरून आला होता. दुरुस्तीला काढलेल्या जाळ्याच्या ढिगावर हात-पाय पसरून झोपला होता.

"बघा," ती हळूच म्हणाली, "कसो उताणो पडान निजलो हा."